मंडळीचा वर्धापन दिन आणि देवाचा विश्वासूपणा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ख्रिस्ती मंडळीचे, म्हणजे गावातल्या चर्चचे, पन्नासावे, पंचाहत्तरावे, शंभरावे वर्ष जवळ आले की पंचमंडळी बसते, समिती नेमली जाते आणि प्रश्नांना तोंड फुटते. मांडव कोणाचा, आचारी कोण, हे प्रश्न गावात आपोआप सुटतात. इथे घेतलेत ते सहसा सुटत नाहीत ते. उत्तरे देताना जालना, बीड, परभणीकडच्या खेड्यांतल्या आणि तालुक्यांतल्या मंडळ्या डोळ्यांसमोर आहेत. शहरातल्या मोठ्या मंडळ्यांनी आपल्यापुरता फेरफार करून घ्यावा.

मंडळीचा वर्धापन दिन करा, असे पवित्र शास्त्रात कुठे आहे?

कुठेच नाही. आठवण ठेवा, हे मात्र पानोपानी आहे. यार्देन ओलांडल्यावर यहोशवाने नदीच्या पात्रातून बारा धोंडे उचलून आणायला लावले, ते पुढे पोरांनी विचारावे म्हणून. शमुवेलाने मिस्पा आणि शेन यांच्यामध्ये धोंडा उभा करून त्याला एबन-एजर नाव दिले आणि येथवर परमेश्वराने साहाय्य केले असे म्हटले (१ शमुवेल ७:१२). आपल्याकडच्या वर्धापन दिनाच्या दहांतल्या आठ बॅनरवर हेच वचन असते.

बॅनर छापायला टाकण्याआधी तीन अध्याय मागे जाऊन वाचा. एबन-एजर हे नाव तिथे आधीच आले आहे, आणि तेही हार झाली त्या जागेचे. इस्राएल लोकांचा तळ तिथे होता. आधी चार हजार पडले, मग तीस हजार. कराराचा कोश पलिष्ट्यांनी नेला, याजक एलीचे दोन्ही मुलगे मेले, बातमी ऐकून एलीही गेला. त्यावर वीस वर्षे लोटली आणि शमुवेलाने विजयाच्या धोंड्याला तेच नाव दिले. ज्या नावाने मान खाली जात होती, ते त्याने टाकले नाही. खालच्या निम्म्या प्रश्नांचे उत्तर याच गोष्टीत आहे.

आमच्या मंडळीचे वर्ष नेमके कुठून धरायचे? दोन गट पडलेत.

पडणारच. एक जण देवळाच्या दगडावरचे साल सांगतो, दुसरा आजोबांच्या बाप्तिस्म्याचे, तिसरा म्हणतो मंडळी खरी सुरू झाली ती पहिले पाळक राहायला आले तेव्हा. चौथ्याला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सीएनआय) झाली ते १९७० साल हवे असते.

इमारतीचा दगड हा इमारतीच्या वयाचा पुरावा. देऊळ बांधायला लोक आधी जमलेले असतात, बहुतेक ठिकाणी पुष्कळ वर्षे आधी: कोणाच्या ओसरीवर, शाळेच्या खोलीत, लिंबाखाली. म्हणून माझे मत असे की पहिला बाप्तिस्मा किंवा पहिली नियमित उपासना, यांपैकी ज्याचा कागद सापडेल ते साल धरावे. कागदच नसेल तर ‘सुमारे’ लिहावे. ‘सुमारे’ लिहिल्याने मंडळी लहान होत नाही. एका ठिकाणी शंभरावे वर्ष मंत्र्यांच्या सोयीसाठी दोन वर्षे अलीकडे ओढलेले पाहिले आहे. मंत्री आले नाहीत ते नाहीतच.

कॅथलिक धर्मग्रामांत हा घोळ कमी असतो. तिथे आश्रयदात्या संताचा सण ठरलेला असतो आणि धर्मग्रामाची नोंद धर्मप्रांताकडे सापडते.

जुने कागद कुठे मिळतील?

आधी घरचे पाहा. बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची रजिस्टरे पाळकांच्या कपाटात असतात. वाळवी लागलेली असली तरी फेकू नका. उन्हात नव्हे, सावलीत वाऱ्यावर सुकवा आणि मोबाइलवर पानन् पान फोटो काढून ठेवा. दफनाच्या रजिस्टरकडे कोणी बघत नाही, पण मंडळीचा खरा इतिहास तिथे असतो. एकाच महिन्यात ओळीने लहान मुलांची नावे दिसली की त्या वर्षी पटकी आली होती की देवी, हे शोधायला लागायचे.

मग दफनभूमीत जा. थडग्यावरची अक्षरे पुसट झाली असतील तर सकाळी लवकर किंवा दिवस मावळताना जा, तिरप्या उन्हात ती वाचता येतात.

जमिनीच्या कागदांसाठी तहसीलमध्ये सातबारा, फेरफार आणि खासरा पाहणी पत्रक मागा. निजामाच्या काळातले कागद उर्दूत, काही मोडीत असतात. गावातल्या जाणत्या मुसलमान गुरुजींकडे घेऊन गेलात तर बहुधा ते आनंदाने वाचून देतात, चहाही पाजतात.

मिशनच्या अहवालांचे मूळ संग्रह परदेशात आहेत. स्कॉटलंडच्या मिशनचे बरेचसे कागद एडिनबरोच्या राष्ट्रीय ग्रंथालयात, चर्च मिशनरी सोसायटीचे बर्मिंगहॅम विद्यापीठात, अमेरिकन मराठी मिशनचे हार्वर्डला. ईमेल केला तर उत्तर येते, पण गावाचे नाव त्या काळच्या इंग्रजी स्पेलिंगने शोधावे लागते. त्यासाठी कॉलेजातले एखादे चिकाटीचे पोर गाठा. १८४२ पासून निघणाऱ्या ‘ज्ञानोदय’ या ख्रिस्ती नियतकालिकाच्या जुन्या अंकांत गावोगावच्या बाप्तिस्म्यांच्या आणि सभांच्या बातम्या आहेत.

मराठवाड्यात मंडळ्या आल्या कशा? पोरे विचारतात, ‘गोऱ्यांनी आणल्या का?’

पोरांना दोन नावे सांगा. पहिले नारायण शेषाद्री. ब्राह्मण घरातला हा तरुण १८४३ मध्ये मुंबईत ख्रिस्ती झाला, स्कॉटलंडच्या फ्री चर्चच्या मिशनमध्ये पाळक झाला आणि पुढे जालन्याला येऊन राहिला. जालन्याजवळ निजाम सरकारकडून मिळालेल्या जमिनीवर त्याने बेथेल हे गाव वसवले. गावातून हाकललेल्या, विहिरीवर पाणी न मिळणाऱ्या नवख्रिस्ती कुटुंबांना शेती, घर आणि शाळा मिळावी हा त्यामागचा हेतू. त्या वेळी हैदराबादचे दिवाण सालारजंग होते. दुसरे नाव रतनजी नौरोजी, पारशी घरातले, चर्च मिशनरी सोसायटी या अँग्लिकन मिशनचे, औरंगाबादचे. दोघांपैकी एकही गोरा नव्हता.

छावण्यांमुळे जालन्यात आणि औरंगाबादेत इंग्रजी फौजेची उपासना होत असे, हे खरे. पण मराठी मंडळ्या छावणीतून निघाल्या नाहीत, त्या मांगवाड्यांतून आणि महारवाड्यांतून निघाल्या. बातमी एका पाहुण्याकडून दुसऱ्या पाहुण्याकडे गेली, सोयरिकीच्या वाटेने गेली. नगरच्या बाजूच्या मंडळ्यांशीही तशीच नाती जुळली. अहवालात मिशनरीचे नाव छापून येई. त्याच्या पुढे चार दिवस चालत जाऊन वाड्यावर बसणारा मास्तर आणि बायकांना अक्षर शिकवणारी बायबलबाई यांची नावे बहुधा आलीच नाहीत.

पुढे २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा परंपरांची चर्चेस एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली, तेव्हा जालन्याकडचा स्कॉटिश प्रवाह आणि औरंगाबादचा अँग्लिकन प्रवाह एका छताखाली आले. म्हाताऱ्या माणसांना अजून दोन्ही पद्धतींच्या खुणा ओळखू येतात. गुडघे टेकणारे एकीकडचे, बसून प्रार्थना करणारे दुसरीकडचे.

‘दुष्काळात धान्यासाठी ख्रिस्ती झाले’ असे लोक म्हणतात. इतिहासात याचे काय करायचे?

लिहायचे. लपवायचे काय त्यात? १८७६-७८ चा दुष्काळ, मग १८९६-९७, मग लगेच १८९९-१९००. तीन मोठे दुष्काळ पंचवीस वर्षांच्या आत. पोर मांडीवर मरत असताना ज्वारी देणाऱ्याच्या दारात जाणारा माणूस लबाड नसतो, भुकेला असतो. प्रभूमागे आलेल्या गर्दीलाही त्याने तोंडावर सांगितलेच होते की तुम्ही भाकरी खाऊन तृप्त झालात म्हणून मला शोधता (योहान ६:२६). तरीही आधी खाऊ घातले होतेच.

दुसरे असे की धान्य संपल्यावर काय झाले ते बघा. काही घरे परत गेली, तेही लिहा. जी राहिली ती कशासाठी राहिली? एका सतरंजीवर बसता येई, एका पेल्यातून प्रभुभोजन घेता येई, पोरगी शाळेत जाई. ज्यांची सावलीही नको होती त्यांना हे धान्याहून मोठे होते. मग १९५० चा राष्ट्रपतींचा आदेश आला. अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला गेला, पुढे १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आजही बाहेरच आहेत. वसतिगृह, शिष्यवृत्ती, नोकरी, सगळे हातातून गेले तरी रविवारी घंटा झाली की जाऊन बसणारी कुटुंबे होती. धान्यासाठी आलेला माणूस एवढा तोटा सोसून तीन पिढ्या बसत नाही.

एक सावधगिरी मात्र पाळा. कोणाच्या जातीच्या दाखल्यावर काय लिहिले आहे यावरून त्याची साक्ष मोजू नका आणि हा विषय माइकवरून काढू नका. घरोघरी त्याची वेगळी दुखणी आहेत.

देवाचा विश्वासूपणा सांगायचा म्हणजे साक्षीत नक्की काय बोलायचे?

आपल्याकडच्या साक्षी बहुतेक एकाच वळणाने जातात: आजार होता, बरा झाला, नोकरी नव्हती, लागली, स्तुती असो. खोट्या नसतात त्या. पण पोरगी बरी झाली नाही तिची आई तिसऱ्या बाकावर बसलेली असते, आणि तिला त्या दिवशी बोलायला जागाच उरत नाही.

विलापगीतातले रोज सकाळी नव्या होणाऱ्या दयेचे वचन आपण गातो. ते यरुशलेम जळून राख झाल्यावर लिहिले गेले. हबक्कूक म्हणतो, अंजिराला फूल नाही, शेतात धान्य नाही, गोठ्यात गुरे नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी हर्ष करीन (३:१७-१८). मराठवाड्याच्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. बहात्तरच्या दुष्काळात गोठे असेच रिकामे झाले होते.

बहात्तरबद्दलच एक साक्ष सांगतो. बोलणाऱ्या आजी तेव्हा नव्याने लग्न होऊन आल्या होत्या आणि दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीच्या, लाल भाकरी, दुपारी पोरांना सुकडी. रविवारी कामाला खाडा केला तर मजुरी जाई, म्हणून उपासना बंदच पडली. मग मुकादमाला विचारून चार बायका दुपारच्या सुट्टीत खडीच्या ढिगामागे बसू लागल्या. भजनाचे पुस्तक कोणाकडेच नव्हते आणि वाचता येत होते ते एकीलाच. पाठ होती तेवढी कडवी म्हणायच्या. टाळ नव्हते म्हणून हातोडीच्या दांड्याने घमेल्यावर ठेका. “पाऊस पडला नाही त्या वर्षी,” आजी म्हणाल्या, “पुढच्या वर्षीबी बेताचाच. पर आमी बसत गेलो.” आणि खाली जाऊन बसल्या. एवढीच साक्ष. तिच्यात काही सुटलेले नव्हते, काही मिळालेले नव्हते. धरून ठेवलेले होते.

अशी साक्ष मिळाली तर तिला वेळेची अट लावू नका. बाकीच्यांना तीन मिनिटे.

आमचे घर किल्लारीच्या भूकंपात वाचले. ही देवाची कृपा म्हणून सांगू का?

आभार माना, पण शेजारी गेला त्याच्या लेकासमोर उभे राहून बोलत आहात हे लक्षात ठेवून माना. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, चार वाजायला काही मिनिटे कमी. गणपती बुडवून लोक नुकतेच झोपले होते. दगड-मातीच्या जाड भिंतींची माळवदे अंगावर आली. सुमारे दहा हजार माणसे गेली. त्यांच्यात सज्जन होते, तान्ही पोरे होती. ‘आम्ही प्रार्थना करत होतो म्हणून वाचलो’ या वाक्याचा दुसरा अर्धा भाग आपण बोलत नाही, पण ऐकणाऱ्याला तो ऐकू जातो.

शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे मेली तेव्हा प्रभूने हेच विचारले होते: ते इतरांपेक्षा जास्त पापी होते असे वाटते काय? आणि स्वतःच नाही म्हणून उत्तर दिले (लूक १३:४-५). आपल्याला वाचवले म्हणून देव विश्वासू आणि त्यांना नाही वाचवले म्हणून कोण, असा हिशोब मांडू नये. त्या दिवसांत कोणी कोणाला भाकरी बांधून नेली, कोणाच्या पोराला कोणी घरी ठेवून घेतले, ते सांगा.

मंडळीत भांडण होऊन दोन वर्षे दोन ठिकाणी उपासना झाली. ते गाळायचे ना?

नाही. स्मरणिकेत ‘काही अपरिहार्य कारणास्तव’ असे लिहिले तरी गावात सगळ्यांना ठाऊकच असते, आणि मग बाकीच्या पानांवरचाही विश्वास उडतो.

नहेम्या ९ वाचा. लोक उभे राहून बापजाद्यांचा सगळा इतिहास देवापुढे सांगतात: त्यांनी ऐकले नाही, मान ताठ केली, वासरू ओतले, आणि दर वळणावर, तरी तू त्यांना सोडले नाहीस. स्तोत्र १०६ तसेच. इस्राएल लोकांनी आपली भांडणे स्वतःच्या गीतांत घालून ठेवली. पौल आणि बर्णबा यांचे मार्कावरून वाजले, तेही प्रेषितांच्या कृत्यांत ठेवलेच आहे.

लिहायचे कसे? साल, मुद्दा, कसे मिटले. कोण बरोबर होते ते नाही. पाळकांच्या बदलीवरून, जमिनीवरून, पंचांच्या निवडणुकीवरून, आणि बोलायचे तर पूर्ण बोलू, मांगवाडा-महारवाडा या भेदावरूनही आपल्या मंडळ्या फुटल्या आहेत. एकाच देवळात बसण्याच्या बाजू वेगळ्या होत्या, सोयरिकी आजही वेगळ्या होतात. प्रकरण कोर्टात चालू असेल तर तेवढे वाक्य लिहून थांबा. पण ज्या घरांनी तेव्हा दुसरीकडे उपासना केली, त्यांच्या एका माणसाला मसुदा छपाईआधी वाचायला द्या. एवढ्यावरच कधी कधी जास्त मिटते.

कार्यक्रम कधी ठेवावा?

खरी तारीख कुठलीही असो, लोक गावात असतील तेव्हा. बीड-जालना-परभणीकडच्या मंडळ्यांत निम्मी घरे दसरा-दिवाळीनंतर उचल घेऊन ऊसतोडीला जातात ती थेट पाडव्याच्या आगेमागे, कारखाना बंद झाल्यावर येतात. डिसेंबर-जानेवारीत वर्धापन दिन घातला तर कोयता हातात असलेली माणसे कार्यक्रमाला नसतात, आणि पन्नास वर्षे याच माणसांनी मंडळी चालवली. मोठ्या दिवसाला, म्हणजे नाताळालाच, ती गावी नसतात. निदान हा दिवस तरी त्यांचा असू द्या. मे महिना बरा. ऊन कडक, पण सकाळी साडेसातला सुरू करून साडेदहाला पंगत बसवता येते. पेरणीनंतरचा जुलै कोणी सुचवला तर आधी बांधावरच्या माणसाला विचारा.

उपासनेचा क्रम कसा असावा?

नेहमीचाच. गायन, शास्त्रवाचन, उपदेश, प्रभुभोजन. त्यात एकच भर घाला. स्तोत्र १३६ मध्ये सव्वीस ओळी आहेत आणि प्रत्येकीला एकच पालुपद आहे. त्याच चालीवर आपल्या मंडळीचा इतिहास रचा. पाळकांनी ओळ म्हणायची, मंडळीने उत्तर द्यायचे. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही पहिल्या दोन ओळींत जमते. नमुना असा:

लिंबाखालची पहिली प्रार्थना ज्याने ऐकली,
*त्याची दया सनातन आहे.*
बहात्तरच्या उन्हात खडी फोडणाऱ्या हातांना ज्याने बळ दिले,
*त्याची दया सनातन आहे.*
आम्ही दोन ठिकाणी बसलो तेव्हा जो दोन्हीकडे आला,
*त्याची दया सनातन आहे.*
देवळाला कुलूप होते त्या ईस्टरला जो घराघरांत उठला,
*त्याची दया सनातन आहे.*
फडावर कोपीत जन्मलेल्या लेकरांना जो नावाने ओळखतो,
*त्याची दया सनातन आहे.*

कुलपाची ओळ २०२० ची, १२ एप्रिलच्या ईस्टरची. लातूरकडच्या मंडळ्यांनी २०१६ ची ओळ घालावी. त्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले होते आणि बाप्तिस्म्यालाही पाणी मोजून घ्यायची पाळी होती.

भजने घ्यावीत की नवी गीते?

दोन्ही. पण नुसत्या कीबोर्डवर भागवू नका. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि त्यानंतर १९१९ मध्ये जाईपर्यंत त्यांनी मराठी मंडळीला तिच्या स्वतःच्या गळ्याची भजने दिली. अभंग-ओवीच्या वळणाने बोलणाऱ्या पैठण-आंबेजोगाईच्या मुलखात ती रुजायला वेळ लागला नाही. पेटी, ढोलकी, झांज घेऊन बसणारी म्हातारी मंडळी अजून आहेत तोवर एक आख्खी रात्र ख्रिस्ती कीर्तनाला द्या आणि पोरांना मोबाइलवर रेकॉर्डिंगला बसवा. ‘उपासना संगीत’मध्ये शब्द मिळतील, चाली त्यांच्याच गळ्यात आहेत.

सत्कार कोणाकोणाचे करायचे?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त विचारला जातो आणि याच्यावरच सगळ्यांत जास्त रुसवे होतात. आमदार, सभापती, सरपंच, माजी सरपंच, देणगीदार, बिशप, बिशपांसोबत आलेले, झाले दीड तास. शालींचा ढीग. तोवर मागे पोरे रडायला लागतात आणि साक्षी ‘वेळेअभावी’ रद्द होतात.

पाहुण्यांचे स्वागत एका फुलाने, एकत्र, पाच मिनिटांत. आणि नावे वाचायचीच तर ही वाचा: इतकी वर्षे घंटा कोणी वाजवली, थडगी कोणी खणली, प्रभुभोजनाची भांडी घरी नेऊन कोणी घासली, पाळक नसताना उपासना कोणी चालवली, पाळकांच्या पोरांना दूध कोणी घातले. बहुतेक हयात नसतील. नाव वाचले की त्या घरातल्या कोणीतरी उठून उभे राहावे. शालीची गरज पडत नाही.

गावातल्या इतर समाजाला बोलवावे का?

बोलवावेच. देवळाला जागा देणारा पाटील, भिंतीचा दगड वाहून आणणारा गाडीवान, मिशनच्या शाळेत शिकलेले मुसलमान आणि बौद्ध शेजारी, यांच्याशिवाय तुमचा इतिहास अपुरा आहे. पत्रिका घरी जाऊन द्या. प्रीतिभोजन शाकाहारी ठेवले तर सगळ्यांना एका पंगतीत बसता येते. भाषणात दुसऱ्याच्या देवाधर्माचे नाव काढायचे नाही, हे बाहेरून येणाऱ्या वक्त्याला आधी सांगून ठेवा. गावात तुम्हाला राहायचे आहे, वक्ता संध्याकाळच्या गाडीने जातो.

स्मरणिका काढावी का?

पैसे असतील तर काढा. चौसष्ट पानांत चाळीस जाहिराती आणि बारा शुभेच्छा-संदेश असणार असतील तर नको. तेवढ्या खर्चात रजिस्टरांचे स्कॅनिंग होते आणि थडग्यांची डागडुजीही होते. काढलीतच तर नावांचे शुद्धलेखन त्या-त्या घरी जाऊन तपासा. आजोबांचे नाव चुकले की तो अंक त्या घरात उघडला जात नाही.

लहान मुलांना काय काम द्यावे?

नाच-नाटुकले बसवतातच, बसवू द्या. पण यहोशवा ४ प्रमाणे प्रश्न विचारायचे काम त्यांचे आहे. संडे स्कूलच्या पोरांना जोड्यांनी एकेका म्हाताऱ्याकडे पाठवा. प्रश्न ठरवून द्या: तुमचा बाप्तिस्मा कुठे झाला? तेव्हा देऊळ कसे होते? तुम्ही मंडळी सोडून जावे असे कधी वाटले का? तिसरा प्रश्न मोठ्यांना विचारायला संकोच वाटतो. पोरे बिनधास्त विचारतात, आणि उत्तर खरे मिळते.

तरुण सगळे पुण्याला आणि वाळूजला गेले. रविवारी वीस-पंचवीस म्हातारी माणसे उरतात. कशाचा वर्धापन दिन करायचा?

जे उरले त्यांचा, आणि जे गेले त्यांचाही. पिंपरी-चिंचवडच्या, वाळूज एमआयडीसीच्या मंडळ्यांत जाऊन बघा. पेटीवर कोण बसले आहे, संडे स्कूल कोण घेते, पंचांत कोण आहे. त्यांची गावे विचारा. तुमच्या लिंबाखालच्या मंडळीने पाठवलेली माणसे आहेत ती, फक्त पाठवताना कोणी प्रार्थना करून पाठवले नाही, एसटीत बसवून दिले. त्यांना या दिवसासाठी बोलवा आणि पाहुणे म्हणून खुर्चीवर बसवू नका, पंगतीत वाढायला लावा.

मंडळी मोठी होत गेली तरच देव विश्वासू, असे मानले तर इस्राएलाच्या इतिहासातला निम्मा काळ वाया गेला म्हणावा लागेल. बाबेलहून परत आलेले थोडे होते, आणि दुसऱ्या मंदिराचा पाया पाहून पहिले मंदिर पाहिलेले म्हातारे रडले. कोण रडतेय आणि कोण आनंदाने ओरडतेय हे लोकांना वेगळे ओळखू येईना, असे एज्राने लिहून ठेवले आहे (३:१२-१३). तुमच्या देवळातही त्या दिवशी दोन्ही आवाज होतील. कोणाला गप्प करू नका.

वर्गणीतून पैसे उरले तर?

पुढच्याच रविवारी उपासनेनंतर जमाखर्च उभे राहून वाचा, पावतीपुस्तकाची कोरी पाने सगळ्यांसमोर रद्द करा आणि हिशोबाची एक प्रत दारावर चिकटवा. उरलेली रक्कम कशाला लावायची ते समितीने नव्हे, मंडळीने ठरवावे. छताची गळती हे उत्तर नव्वद टक्के मंडळ्यांत तयारच असते. पावसाळ्याआधी पत्रे बदलून घ्या.